सतरा सप्टेंबरनंतरच्या बायका

नांदेडच्या बिलोली तालुक्यात, अर्जापूरजवळ, 1946 मध्ये हैदराबाद संस्थानातल्या निजामाच्या पाठीराख्या रझाकारांनी मुक्तिसंग्रामाचे कार्यकर्ते गोविंदराव पानसरे यांचा खून केला. रझाकारीत या भागातल्या बायकांनी काय सोसले, हे कुणाला सांगायला नको. त्याबद्दल वाद नाहीच. वाद पूर्वपक्षाच्या पुढच्या पायरीशी आहे: 17 सप्टेंबर 1948 ला निजामाला शरण आणणाऱ्या भारतीय सैन्याच्या पोलिस अॅक्शनने तो छळ संपवला, आणि त्यानंतर मुसलमान घरांवर जे गुदरले तो केवळ लोकांचा सूड, वर्दीचा त्यात हात नव्हता.

पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांची समिती दिल्लीच्या सरकारनेच धाडली होती. 1948 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ती संस्थानात फिरली. सर्वाधिक होरपळलेल्या चार जिल्ह्यांत तिने उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर यांच्याबरोबर नांदेड घातले. बलात्कार झाले, बायका पळवल्या, काहींना संस्थानाबाहेर सोलापूर-नागपूरपर्यंत नेले, असे ती लिहिते. सैन्य-पोलिसांतल्या काहींनी जमावाला लुटीस चिथावले आणि स्वतःही लुटीत, इतर गुन्ह्यांत उतरले, हेही. मृतांचा तिचा 27 ते 40 हजारांचा अंदाज वादग्रस्त आहे, मान्य. पण आकडा खोडला म्हणून पळवलेली बाई घरी परतत नाही.

आणि सूड कुणावर? रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी, लातूरचा वकील. त्याच्यावर रीतसर खटला चालला, तुरुंगवास भोगून 1957 मध्ये तो पाकिस्तानात निघून गेला. त्याच्या वाट्याला कोर्ट आले. ज्या बाईने कधी बंदूक पाहिली नव्हती, तिच्या वाट्याला जमाव. सूड म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून दाखवावा.

‘तो काळच तसा होता’ ही पळवाट तर त्याच समितीच्या अहवालाने बुजवली आहे. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना जीव देऊन वाचवले आणि पळवलेल्या बायका परत आणायला अनेक हिंदूंनी मदत केली, अशी त्यात नोंद आहे. चूक काय, हे त्या काळातल्या शेजाऱ्याला कळत होते.

कायद्याला मात्र सावकाश कळते. 1950 च्या सैन्य कायद्याचे कलम 70 नागरिक स्त्रीवरचा बलात्कार एरवी साध्या न्यायालयाकडे सोपवते; सैनिक प्रत्यक्ष मोहिमेवर असला तर मात्र ते लष्करी न्यायालयाकडे जाऊ शकते. म्हणजे जिथे धोका जास्त, तिथेच सूट. 2013 मध्ये लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्यांचा आढावा घेणाऱ्या न्या. वर्मा समितीने ही सूट काढा म्हटले.

राहिला शेवटचा आक्षेप, जुने कशाला उकरायचे. पण सरकारने सुंदरलाल समितीचा अहवाल छापलाच नाही. काही भाग मधूनमधून बाहेर आले. दिल्लीच्या नेहरू स्मारक संग्रहालयात तो वाचायला मिळू लागला 2013 च्या सुमारास. 1948 मध्ये वीस वर्षांची असलेली बाई तेव्हा पंच्याऐंशीची झालेली, असलीच तर.