वाळू, काच आणि चिप

२०२२ साली आमच्या मावळातले तळेगाव दाभाडे एकदम वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आले. वेदांता-फॉक्सकॉनचा चिपचा कारखाना तळेगावला येणार अशी सगळ्यांची समजूत होती, पण सप्टेंबरात गुजरात सरकारशी करार झाला. मग नेहमीचे आरोप-प्रत्यारोप. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनच भागीदारीतून बाहेर पडली आणि विषय मागे पडला.

त्या दिवसांत मला सारखा पैसाफंड आठवत होता. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी वर्षाला एक पैसा मागून हा निधी उभा केला. तेव्हा रुपयाचे चौसष्ट पैसे, म्हणजे चौसष्ट माणसांपुढे हात पसरावा तेव्हा एक रुपया! लोकमान्य टिळकांचा या कामाला पाठिंबा होता. त्या पैशातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस देशात काचेचे काही कारखाने निघाले होते. परदेशी कारागीर आणून ते चालवून पाहिले आणि बहुतेक बुडाले. भट्टी विकत मिळते, पण भट्टी कधी तयार झाली, वाळू-सोडा-चुन्याचा रस फुंकनळीवर कधी घ्यावा, हे विकत मिळत नाही. ते पाहुण्या कारागिराच्या हातात असते आणि त्याच्याबरोबरच परत जाते. तळेगावला मात्र जपान-अमेरिकेत काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय होते आणि आपली मुले तयार करणे हा कारखान्याचा मुख्य हेतू होता. इथे शिकलेली माणसे पुढे देशभरच्या काचकारखान्यांत गेली. मी मास्तर, त्यामुळे किती बरण्या विकल्या यापेक्षा हा हिशेब मला मोठा वाटतो.

आता चिपकडे वळू. तिचाही जन्म वाळूतूनच. माझा एक जुना विद्यार्थी बंगळूरला नव्या इंजिनिअरांना चिप तपासायची स्वयंचलित यंत्रे शिकवतो. फोनवर मी त्याला म्हटले, "अरे, यंत्रच तपासते ना? मग शिकवतोस काय?"

तो म्हणाला, "सर, यंत्र चिपच्या प्रत्येक टोकाला ठरलेला विद्युतसंकेत देतं, आलेलं उत्तर अपेक्षित उत्तराशी ताडून पाहतं आणि पास-नापासाचे ढीग लावतं. पण लागोपाठ शंभर चिपा नापास झाल्या तर चूक चिपांची, की चिपला टेकणाऱ्या सुईवर बसलेल्या धुळीची? हे ओळखायला शिकवतो. आधी चांगली म्हणून खात्री झालेली चिप यंत्रात घालायची. ती जर नापास झाली तर दोष आपल्याकडे."

मला हसू आले. सगळा वर्ग नापास झाला की आम्हीही आधी प्रश्नपत्रिका पाहायचो, निदान पाहायला हवी होती असे तरी म्हणू! चांगली चिप फेकली तर पैसा वाया जातो आणि वाईट पास झाली तर ती कुणाच्या गाडीत, कुणाच्या दवाखान्यातल्या यंत्रात जाऊन बसते. हा विवेक पुस्तकातून येत नाही. जाणत्या माणसाशेजारी उभे राहून, महिनोन्‌महिने हात चालवून तो येतो. फुंकनळीचेही हेच होते.

कारखाना गेला याचे दुःख मलाही झाले. मावळातल्या पोरांना घराजवळ काम मिळाले असते. पण त्या गदारोळात मी एक प्रश्न शोधत होतो आणि तो मला फारसा दिसला नाही. आला असता तर आमच्या पोरांना आत काय शिकवले असते? दाराशी पहारा, की सुईवरची धूळ ओळखायला?

एकेक पैसा जमवणाऱ्यांनी हा प्रश्न कारखाना काढण्याआधीच विचारला होता. कारखाना कुठे काढायचा हे सरकारे आणि कंपन्या ठरवतील. पोरांना शिकवायचे की नाही, ते तरी आपण ठरवू शकतो. नाही का?