जॉन्सन पार्कखालची पेठ

जॉन्सन पार्कात चटई टाकून दशम्या-चटणी खाल्ली नाही असं मराठी घर पिस्कॅटवेत क्वचितच सापडेल. त्याच हिरवळीखाली एक अख्खी बाजारपेठ गाडली गेली आहे. आज तिच्याबद्दल बोलू या.

पेठेचं नाव रॅरिटन लँडिंग. हा मुलूख मुळात लेनापी लोकांचा. इंग्रज वसाहतकार पिस्कॅटवेत आले 1666 मध्ये. त्यानंतर काही दशकांत, आजच्या लँडिंग लेन पुलाच्या आसपास, धक्के आणि वखारी उभ्या राहिल्या. नेमकी हीच जागा का? तर न्यूयॉर्कहून येणारी शिडाची गलबतं रॅरिटन नदीत इथवरच येत, पुढे पाणी उथळ. आपलं महाड सावित्रीकाठी ज्या कारणानं बाजारगाव झालं, तेच कारण इथं.

आता दुकान कसं चाले ते ऐका. आतल्या भागातला शेतकरी गाडीत गहू नाहीतर पीठ भरून यायचा. परत जाताना मीठ, साखर, रम, खिळे, चिनीमातीची भांडी, कापड न्यायचा. नाणी फार कमी, त्यामुळे सगळा कारभार वहीवर. एका बाजूला गहू जमा, दुसऱ्या बाजूला मीठ नावे. हिशेब लवकर मिटायचा नाही. म्हणजे दुकानदार हाच वाणी, हाच सावकार आणि धान्याचा अडत्याही हाच! अशा माणसाशी भांडण परवडत नसणार, हे गावाकडची उधारीची वही पाहिलेल्यांना सांगायला नको.

आणि कापडाची गंमत ऐका. त्या काळच्या अमेरिकन दुकानांत कॅलिको आणि चिंट्झ विकली जात. कॅलिको हे नाव कालिकतवरून आलं, चिंट्झ म्हणजे आपली छींट. इंग्लंडनं 1721 च्या कायद्यानं छापील सुती कापड स्वतःच्या देशात वापरायला बंदी केली, पण हिंदुस्थानातून आणलेलं तेच कापड वसाहतींना विकायला मोकळीक ठेवली. ओक ट्री रोडवर साड्यांची दुकानं येण्याआधी अडीचशे वर्षं आपलं कापड या देशाच्या फळ्यांवर होतं.

इथला मोठा व्यापारी कॉर्नेलियस लो. त्यानं 1741 मध्ये नदीवरच्या उंचवट्यावर दगडी घर बांधलं. चिमाजी अप्पांनी वसई घेतली त्याला तेव्हा दोनच वर्षं झाली होती. घर देखणं आहे, पण ते पाहताना एक गोष्ट विसरू नये: त्या काळी न्यू जर्सीत गुलामगिरी कायदेशीर होती, आणि हळूहळू मुक्ती देणारा कायदा आला तो थेट 1804 मध्ये. धक्क्यावरची पोती कोणी उचलली, याची नोंद घरावरच्या पाटीत मावत नाही.

डिसेंबर 1776 मध्ये ब्रिटिश फौज न्यू ब्रन्सविकला आली आणि पुढच्या जूनपर्यंत हलली नाही. लँडिंगची घरं सैन्यानं वापरली, मोडली, कुंपणंसुद्धा जळणाला गेली. युद्धानंतर लोकांनी नुकसानीच्या याद्या लिहून दिल्या. पेठ पुन्हा उभी राहिली, पण 1834 मध्ये न्यू ब्रन्सविकच्या काठानं डेलावेअर-रॅरिटन कालवा सुरू झाला, मग रेल्वे आली. माल दुसऱ्या वाटेनं जाऊ लागल्यावर लँडिंगला थांबायचं कोणी? एकोणिसावं शतक संपेपर्यंत पेठ जवळजवळ पुसली गेली.

कॉर्नेलियस व्हर्म्यूल नावाच्या इंजिनियरनं 1936 मध्ये या गावाबद्दल लिहून ठेवलं, म्हणून निदान नाव टिकलं. 1970 च्या दशकाच्या अखेरीस, आणि पुढे रूट 18 वाढवण्याआधी, उत्खननं झाली. घरांचे पाये, फुटकी भांडी, बाटल्या, मातीच्या चिलमी वर आल्या.

जाता जाता एक खुलासा. पार्कातलं ईस्ट जर्सी ओल्ड टाउन पाहून बरेच जण हीच ती पेठ असं मुलांना सांगतात. तसं नाही, तिथल्या इमारती इतर गावांतून आणून किंवा नव्यानं बांधून ठेवल्या आहेत. लँडिंगचं मूळ घर पाहायचं तर रिव्हर रोडवर लोंच्या घरी जा. तिथं आता काउंटीचं संग्रहालय आहे. अंगणातून खाली नदीकडे पाहिलंत की मधली सपाट हिरवळ दिसेल. दुकानं तिथं होती.