भांगेचं घड्याळ

१६७० च्या दशकात टॉमस बाउरी नावाचा एक इंग्रज खलाशी-व्यापारी बंगालच्या उपसागराच्या काठाने फिरत होता. पुढे १७०१ साली याच माणसाने इंग्रजी-मलय शब्दकोश छापला, म्हणजे गडी तसा अभ्यासू! इथले लोक भांग पिऊन एवढे खुशीत कसे असतात, हे त्याला आणि त्याच्या आठ-दहा दोस्तांना स्वतःच बघायचं होतं. मग काय, बाजारातून प्रत्येकी एक पाइंट भांग आणली. पाइंट म्हणजे जवळपास अर्धा लिटर. पहिल्याच वेळेला!

पण पिण्याआधी या मंडळींनी दारं-खिडक्या लावून घेतल्या. आपल्यातलं कोणी रस्त्यावर धावत सुटू नये आणि बाहेरच्यांनी आत येऊन हसू नये, हा हेतू. आणि मग जे झालं ते बाउरीने लिहून ठेवलंय (हस्तलिखित छापलं गेलं १९०५ मध्ये). एकजण दुपारभर जमिनीवर बसून रडला. दुसऱ्याला इतकी भीती वाटली की त्याने एका मोठ्या रांजणात डोकं घातलं ते निदान चार तास काढलंच नाही. चार-पाचजण गालिच्यावर पडून एकमेकांची स्तुती करत होते, प्रत्येकजण स्वतःला बादशहा समजत होता. एक पठ्ठ्या ओसरीच्या लाकडी खांबाशी भांडला आणि बोटांची सालं निघेपर्यंत त्याला गुद्दे मारत राहिला. खुद्द बाउरी तीन तास नुसता घाम गाळत बसला होता. (तो त्या रांजणाला मार्ताबानचा म्हणतो. ते ब्रह्मदेशातलं बंदर. आपला जुना 'मर्तबान' हा शब्द तिथूनच आलाय.)

एकच पेय, एकच खोली, आणि परिणाम मात्र माणसागणिक वेगळा. ज्या दोघांचं बिनसलं ते आधीपासूनच घाबरलेले असावेत, असा बाउरीचा अंदाज. आजचे डॉक्टरही साधारण हेच सांगतात.

आता घड्याळाकडे येऊ. त्यासाठी कलकत्त्याला जायला हवं. विल्यम ओशॉनेसी हा तिथल्या मेडिकल कॉलेजातला प्राध्यापक. (पुढे भारतात तारायंत्राचं जाळं उभं केलं ते यानेच. म्हणजे आमच्या फील्डचा आजोबा म्हणायला हरकत नाही.) १८३९ च्या निबंधात त्याने एका संधिवाताच्या पेशंटची नोंद दिली आहे. दुपारी २ वाजता गांजाची राळ दिली, एक ग्रेन, म्हणजे जवाच्या दाण्याएवढं वजन. ४ वाजता पेशंट बडबड करतोय, गातोय, जास्तीचं जेवण मागतोय, मी ठणठणीत आहे म्हणतोय. ६ वाजता झोपला. ८ वाजता बेशुद्ध! हात वर उचलून सोडला तर तो तसाच अधांतरी राहिला. पण श्वास नियमित, नाडी व्यवस्थित.

याच निबंधात एक लाजराबुजरा विद्यार्थीही आहे. त्याने पाव ग्रेन राळेचा अल्कोहोलमधला अर्क घेतला आणि वीस मिनिटांत स्वारी राजा होऊन दरबाऱ्यांना हुकूम सोडायला लागली. अर्क वीस मिनिटांत चढला, आणि त्या पेशंटचा खरा परिणाम दिसायला सहा तास लागले.

कारण कळायला मात्र पुढे शंभराहून जास्त वर्षं गेली. गांजातला मुख्य घटक, टीएचसी, १९६४ मध्ये इस्रायलमध्ये वेगळा केला गेला. धूर ओढला तर तो फुफ्फुसातून मिनिटांत मेंदूत पोचतो. खाल्ला तर आधी पोट, मग यकृत. तिथे त्याचं दुसऱ्या एका रसायनात रूपांतर होतं आणि तेही चांगलंच चढतं. त्यामुळे परिणाम सुरू व्हायलाच अर्धा ते दोन तास लागतात, आणि तो उतरायला सहा-आठ तास, कधी त्याहून जास्त. स्क्रीन हलत नाही म्हणून माणूस पुन्हा पुन्हा क्लिक करतो ना, अगदी तसंच होतं. सगळे क्लिक नंतर एकदम लागू होतात.

हे गंमतीचं वाटतं, पण नेहमी तसं नसतं. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत जानेवारी २०१४ मध्ये गांजाची कायदेशीर दुकानं उघडली. त्याच मार्चमध्ये डेन्व्हरला आलेल्या १९ वर्षांच्या एका मुलाने दुकानदाराने सांगितल्याप्रमाणे कुकीचा एकच तुकडा खाल्ला. अर्धा-एक तास काही वाटेना म्हणून उरलेली संपवली. पूर्ण कुकीत ६५ मिलिग्रॅम टीएचसी होतं, एका वेळचा डोस १०. अडीच तासांनी तो भ्रमाच्या भरात चौथ्या मजल्याच्या बाल्कनीतून गेला आणि मरण पावला. २०१५ पासून तिथे दर १० मिलिग्रॅमचा तुकडा वेगळा दिसला पाहिजे, असा नियम आला. बाउरीची बंद दारं मला इथे फार आठवतात.

मग होळीला कोणाला जास्त झालीच तर? उतारा असा कुठलाही नाही. ओशॉनेसी सततच्या सेवनाने भ्रम झालेल्यांच्या कानशिलाला जळवा लावायचा आणि मळमळ होईल असं औषध द्यायचा. आपण तसलं काही करायचं नाही, ओकारीही काढायला लावायची नाही. शांत खोली, बाल्कनीचं दार बंद, सोबत एक शुद्धीवरचा माणूस, घोटघोट पाणी. "हे उतरणार आहे, तू मरत नाहीयेस" हे दर थोड्या वेळाने सांगत राहायचं. वर दारू नाही, गाडीची किल्ली नाही. झोपला तर कुशीवर. आणि छातीत दुखणं, फिट, थांबत नाहीत अशा उलट्या, श्वासाचा त्रास, हलवूनही जाग न येणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच १०८. लहान मुलाने चुकून खाल्लं असेल तर कशाचीही वाट न बघता हॉस्पिटल. आणि डॉक्टरांना खरं सांगायचं, बर्फी होती की थंडाई, किती वाजता.

राहता राहिलं लिंबू. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी २० जणांवर प्रयोग केला. टीएचसीबरोबर लिमोनीनची वाफ घेतल्यावर घबराट कमी झाली. पण लिमोनीन असतं लिंबाच्या सालीत, आणि आपण पाजतो रस! असो, सरबताने नुकसान काही नाही, निदान पाणी तरी पोटात जातं.