रणगाड्याच्या पोटातली भोकं

जर्मन पँथर रणगाड्याच्या प्लॅस्टिक मॉडेलचा आकार टॉर्चच्या दोन सेलनी ठरवला. जपानमधल्या शिझुओका शहरातल्या तामिया कंपनीने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला हे किट बाजारात आणलं. मॉडेल मोटरवर चालायला हवं होतं, म्हणजे पोटात मोटर आणि दोन सेल मावायला हवेत. मावतील एवढं धड केलं, बाकीचा रणगाडा त्या बेताने. किट धडाक्यात खपलं आणि त्याच मापात इतर देशांचे रणगाडे काढायचं ठरलं, तेव्हा हे माप नेमकं कोणतं, ते मोजायची वेळ आली. उत्तर निघालं साधारण १/३५. कंपनीचे शुन्साकु तामिया यांनी हा किस्सा पुढे स्वतःच सांगितला. तोवर लष्करी वाहनांच्या मॉडेलांचं १/३५ हे जगभरचं प्रमाण झालं होतं.

मोटरने आणखी एक गोष्ट मागे ठेवली: भोकं. धडाच्या तळाला स्विचची खाच, स्क्रूंच्या जागा, सेल बदलायची सोय. शिवाय चाकांभोवतीच्या पट्ट्यांच्या वर बाहेर आलेला धडाचा भाग खालून उघडाच असे. मुलाला त्याचं काय? गाडी सतरंजीवरून घरघरत गेली की झालं. पण हीच किटं मोठ्या माणसांनी उचलली. ती मोटर काढून टाकत आणि पुस्तकातला फोटो शेजारी ठेवून रणगाडा उलटा करून बघत. वाहनांच्या मॉडेलांतलं स्क्रॅचबिल्डिंग, म्हणजे किटात नसलेला भाग कोऱ्या मालातून स्वतः घडवणं, अनेकांच्या हातात ही भोकं बुजवता बुजवता आलं. कलेचा उगम म्हणून हे काही फार उदात्त नाही.

तसं पाहिलं तर किटं येण्यापूर्वी सगळंच हाताने घडवलं जाई. सतराव्या शतकातल्या इंग्लिश आरमाराची लाकडी जहाज-मॉडेलं आजही संग्रहालयांत आहेत. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, अमेरिकेच्या नौदलाने शाळकरी पोरांकडे पाच लाख विमानांची मागणी नोंदवली. विमानं लाकडाची, १/७२ मापाची, काळा रंग दिलेली. सैनिकांना आकृतीवरून शत्रूचं विमान ओळखायला शिकवण्यासाठी. तेव्हा हे सगळं नुसतं मॉडेल बनवणं होतं. डब्यातून तयार भाग निघू लागल्यावरच ‘हा भाग मी केला’ असं वेगळं सांगण्यात अर्थ आला.

भोकं बुजवायला जो माल वापरला गेला, तो रेल्वेवाल्यांकडून आला. ब्रिटनमध्ये आगगाडीच्या मॉडेलांचा छंद जुना आणि दांडगा. डबे, स्टेशनं, सिग्नलच्या केबिन बनवायला ती मंडळी पॉलिस्टायरीनचे पातळ पांढरे पत्रे वापरत. स्लेटर्स कंपनीच्या मालाचं ‘प्लॅस्टिकार्ड’ हे नाव पुढे सगळ्याच पत्र्यांना चिकटलं. या पत्र्याला करवत लागत नाही. ब्लेडने चरा पाडायचा, वाकवायचं, सरळ रेषेत तुटतो. आणि किटही पॉलिस्टायरीनचंच असल्याने एकाच द्रावणाने दोन्ही पृष्ठभाग विरघळून एकजीव होतात. इथे डिंकासारखं चिकटवणं नसतंच, प्लॅस्टिकचं एका परीने वेल्डिंगच असतं. नट-बोल्टही रेल्वेवाल्यांचेच: मॉडेल इंजिनांसाठी बनणारे प्लॅस्टिकचे इवलेसे बोल्ट रणगाडेवाल्यांनी खरवडून आपल्या चिलखतावर बसवले.

उरलेला माल घरातून आला. किटाचे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले असतात, ती चौकट म्हणजे स्प्रू. भाग काढले की कचरा. पण तिचा तुकडा मेणबत्तीवर धरून मऊ होताच दोन्ही हातांनी ताणला, तर केसाएवढी तार निघते. तिची अँटेना होते, आणि द्रावणाने मऊ करून सांध्यावर बसवून ब्लेडच्या टोकाने टोचत गेलं, तर वेल्डिंगची रेघही होते. ताडपत्री पातळ टिश्यूपेपरची, पातळ केलेल्या पांढऱ्या गोंदात भिजवलेली. चामड्याचे पट्टे वाइनच्या बाटलीच्या तोंडावरच्या शिशाच्या वेष्टणाचे, कारण शिशाचा पातळ पत्रा वाकवला की तसाच राहतो. अमेरिकेत १९९६ मध्ये या वेष्टणावर आरोग्याच्या कारणाने बंदी आली आणि मॉडेलकारांचा एक फुकटचा पुरवठा आटला.

या युक्त्या तोंडोतोंडी राहिल्या असत्या, तर चार क्लबांपुरत्याच उरल्या असत्या. त्या घरोघरी नेण्याचं बरंचसं श्रेय अमेरिकेचे मॉडेलकार शेपर्ड पेन यांना जातं. १९७०च्या दशकात मोनोग्राम कंपनीने आपल्या १/३२ मापाच्या रणगाड्यांच्या डब्यांत पेन यांनी रचलेल्या देखाव्यांची रंगीत पत्रकं घातली. असा देखावा कसा उभा केला, कुठला भाग कशाचा केला, हे त्यांत टप्प्याटप्प्याने दिलेलं असे. खेळणं घ्यायला गेलेलं पोर डब्यातून एक शिकवणी घेऊन घरी येई. १९८० मध्ये पेन यांचं देखाव्यांवरचं पुस्तकही आलं.

हाताने घडवलेल्या एखाद्या बारकाव्याची पूर्ण कुंडली मांडायची, तर त्सिमेरिटची मांडावी.

जर्मनांनी १९४२ पासून चुंबकाने चिकटणारा सुरुंग वापरला: सैनिकाने जवळ जाऊन शत्रूच्या रणगाड्यावर तो लावायचा आणि पळायचं. मग त्यांनाच धास्ती वाटू लागली, की उद्या हे आपल्यावर उलटलं तर? त्यावर उपाय म्हणून पोलाद आणि चुंबक यांच्यात अंतर ठेवणारा एक लेप निघाला, तोच त्सिमेरिट. त्यात बेरियम सल्फेट, पॉलिव्हिनाइल ॲसिटेट, पिवळी माती, झिंक सल्फाइड आणि चक्क लाकडाचा भुसा. १९४३च्या उत्तरार्धापासून कारखान्यातच तो रणगाड्यांवर थापला जाऊ लागला. लेप ओला असताना दातेरी पट्टीने त्यावर आडव्या रेघा उठवायच्या आणि ब्लोलॅम्पने वाळवायचा. शेणाने सारवलेल्या भिंतीवर बोटं उमटावीत, तसा रणगाडा दिसे. गंमत अशी, की शत्रूने तसले सुरुंग मोठ्या प्रमाणावर कधी वापरलेच नाहीत. वर लेपाला गोळ्यांनी आग लागते अशी वदंता उठली. सप्टेंबर १९४४ मध्ये लेप देणं थांबलं. चाचण्यांत आग लागत नसल्याचं दिसूनही तो परतला नाही.

युद्धाच्या दृष्टीने वाया गेलेली ही मेहनत मॉडेलकारांना मात्र पुरून उरली. जुन्या किटांत त्सिमेरिट नसे, आणि १९४४चा पँथर त्याशिवाय अर्धाच. कुणी मॉडेलवर पुट्टी पसरून बारीक करवतीच्या पात्याने रेघा ओढल्या. कुणी तापल्या सुईचं डागणी-यंत्र उचललं. नेपोलियनच्या सैनिकांची प्लॅस्टिकची बाहुली करणारे फ्रेंच हिस्टोरेक्स किटांचे शौकीन घोड्यांचे केस ज्याने कोरत, त्यानेच इथे लेपाच्या रेघा डागल्या जाऊ लागल्या. पुढे दोन भाग मळून दगडासारखी होणारी इपॉक्सी पुट्टी आली. तिचं ब्रिटनमधलं प्रसिद्ध नाव मिलिपुट. आपल्याकडे नळ गळला की जी एम-सील शोधतो, तिच्याच जातीची.

आणि मग दुकानदार आले. आधी रेझिनच्या पातळ पट्ट्यांवर तयार त्सिमेरिट मिळू लागलं, मग पितळेच्या पत्र्यावर कोरलेलं, आणि अखेर तामियानेच आपल्या किटांच्या मापाचे कापलेले स्टिकर काढले. सोलायचं, चिकटवायचं. रात्री घालवून शिकलेली कसबं दहा मिनिटांच्या कामाची झाली.

या छंदात हे पुन्हा पुन्हा घडत आलं आहे. बेल्जियमच्या फ्रान्स्वा फेरलिंडेन यांनी रेझिनच्या सुट्या भागांचा मोठा व्यापार उभा केला. १९८९ मध्ये चेक देशातल्या एदुआर्ड कंपनीने आम्लाने कोरलेल्या पातळ पितळी भागांचं काम सुरू केलं. पितळेची गरज साध्या हिशेबातली आहे: किटातला मडगार्ड एक मिलिमीटर जाडीचा असेल, तर १/३५ मापात तो पस्तीस मिलिमीटरचा झाला. एवढ्या जाडीचं चिलखत घालून युद्धाच्या सुरुवातीला रणगाडे लढले. मडगार्ड मात्र वाकणाऱ्या पत्र्याचा असतो. पूर्वी स्क्रॅचबिल्डर तो तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पत्र्यातून कापत. आता तो पाकिटात मिळतो.

उलटा प्रवासही झाला, किटातले भागच कोरा माल झाले. १९७७च्या ‘स्टार वॉर्स’साठी मॉडेलकारांनी रणगाड्यांच्या किटांतले सुटे भाग शेकड्यांनी आपल्या अंतराळयानांवर चिकटवले, म्हणजे यान प्रचंड वाटावं. त्यातल्या मिलेनियम फाल्कन या यानाचे शौकीन आजही कुठला तुकडा कुठल्या किटातला, ते ओळखत बसतात.

दुकानाने १/३५चं मैदान इतकं भरून टाकल्यावर हाताने घडवायला ऐसपैस जागा उरली ती मोठ्या मापांत, विशेषतः १/१६ मध्ये. जर्मन टायगर रणगाडा तोफेसकट ८.४५ मीटर लांब. १/३५ मध्ये तो चोवीस सेंटिमीटरचा होतो, १/१६ मध्ये त्रेपन्न. वीस मिलिमीटरचा बोल्ट १/३५ मध्ये जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका असतो. १/१६ मध्ये तो सव्वा मिलिमीटरचा होतो, त्याचे सहा कोपरे डोळ्यांना मोजता येतात आणि खालचा वॉशर नसेल तर तेही दिसतं. एक मिलिमीटरचा मडगार्ड इथेही सोळा मिलिमीटरचा, म्हणजे अजून जाडच. त्यात यांतली बरीच मॉडेलं रिमोटवर चालणारी. साठ वर्षांपूर्वीचं दुखणं मोठ्या आकारात परत: स्विच, स्पीकर, चार्जिंगची भोकं.

इथे पोलादाचा स्वभावच दाखवावा लागतो. जर्मन चिलखताच्या जाड पत्र्यांच्या कडा गॅसच्या ज्योतीने कापलेल्या असत, म्हणून कडेवर बारीक उभ्या रेघा असतात. मॉडेलकार त्या करवतीच्या पात्याने ओरखडून काढतात. सोव्हिएत टी-३४ रणगाड्याचं ओतीव टरेट, म्हणजे तोफेचा फिरता बुरूज, खडबडीत असतं, साच्याच्या सांध्याची रेघ त्यावर राहिलेली. एरवी मॉडेलकार साच्याची रेघ कानशीने घासून काढतो; इथे मुद्दाम बनवतो. द्रावणाने प्लॅस्टिक मऊ करून ताठ ब्रशने ठोकत गेलं, की ओतकामाचा पोत येतो. दोरखंड खऱ्या तारांचे पीळ देऊन. कुऱ्हाड-फावड्यांचे चाप तर उघडमिट होणारे करणारेही आहेत, आणि बंद केल्यावर ते उघडतात हे कुणालाच दिसत नाही.

मापं घ्यायला कागदावरचे आराखडे पुरत नाहीत, खरा रणगाडा गाठावा लागतो. इंग्लंडात त्यासाठी बोव्हिंग्टनचं संग्रहालय आहे. १९४३ मध्ये ट्युनिशियात पकडलेला टायगर १३१ तिथेच आहे. महाराष्ट्रात अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, आर्मर्ड कोर सेंटरने १९९४ मध्ये उभारलेलं रणगाडा संग्रहालय आहे. मटिल्डा, चर्चिल, सेंच्युरियन, पाकिस्तानकडून जिंकून आणलेला पॅटन, आणि चेन्नईजवळ आवडीला बनलेला विजयंता. वेल्डिंग कुठल्या सांध्यावर जाड आहे, ओतकामावर कारखान्याचे आकडे कुठे उमटलेत, हे पुस्तकातल्या फोटोत क्वचितच सापडतं.

थ्री-डी प्रिंटरने अलीकडे या सगळ्यात नवा पेच टाकला आहे. संगणकावर बोल्ट स्वतः रेखाटला आणि छापला, तर तो स्वतः घडवला म्हणायचा की नाही? रेखाटणारा स्वतः असेल तर नाही म्हणणं अवघड आहे. दुसऱ्याची फाइल विकत घेऊन छापणं मात्र पाकिटातलं पितळ वापरण्याहून वेगळं नाही.

स्पर्धांत याचा निवाडा परीक्षकांना करावा लागतो, आणि त्यांच्यासमोर येतं ते रंगवलेलं मॉडेल. रंगाच्या थराखाली किटाचा भाग कुठला, पितळ कुठलं आणि हाताने कापलेला पत्रा कुठला, हे ओळखू येत नाही. म्हणून बरेच स्पर्धक प्रायमर मारण्याआधी मॉडेलचे सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवतात आणि त्यांचा अल्बम मॉडेलशेजारी टेबलावर मांडतात. त्यात पत्रा पांढरा दिसतो, पितळ पिवळं, तांब्याची तार लालसर. किटाचं प्लॅस्टिक तेवढं हिरवट किंवा करडं.