माळ म्हणजे मोडलेलं जंगल?

महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. तिथून शंभरेक किलोमीटर पूर्वेला, माण तालुक्यात, त्याचा जेमतेम दहावा हिस्सा पदरात पडतो. सह्याद्रीनं ढग अडवले की पलीकडे उरतो तो माळ: कुसळी, पवन्या, मारवेल असली गवतं आणि मधूनच एखादं हिवर, बोर किंवा पळस. सव्हाना म्हटलं की आपल्याला आफ्रिका आठवते. घरच्या सव्हानाला मात्र आपण ‘उजाड’ म्हणतो, जणू इथलं जंगल कुणीतरी तोडून नेलं. ही समजूत रुजवण्यात सरकारी वनखात्याचा वाटा मोठा आहे. १८६४ साली ब्रँडिस हे जर्मन वनतज्ज्ञ हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक झाले. खात्याला लाकूड हवं होतं, रेल्वेच्या स्लीपरांसाठी तर फारच. जिथं सागवान उभं राहत नाही ती जमीन या हिशेबात तोट्याचीच. चॅम्पियन या ब्रिटिश वनाधिकाऱ्यानं १९३६ साली हिंदुस्थानातल्या वनांचं वर्गीकरण केलं, त्यातही बरीचशी गवताळ राने तोड, चराई आणि वणव्यानं खालावलेली वनं ठरली.

पुरावा वेगळं सांगतो. जळगाव जिल्ह्यातल्या पाटणे इथं शहामृगाच्या अंड्यांची कवचं सापडली, सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीची. एका तुकड्यावर तर समांतर रेघांच्या मधोमध फुल्यांची नक्षी कोरलेली आहे. शहामृग दाट झाडीत राहत नाही. यावर आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे: तो काळ हिमयुगाचा, पाऊसच कमी होता, मग आजच्या माळाबद्दल त्यावरून काय सिद्ध होतं? बरं, घोड नदीकाठच्या इनामगावला तीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत काळविटाची हाडं मिळाली, पण तोवर शेतकरी आलेच होते. म्हणून मला हाडांपेक्षा झाडांची साक्ष अधिक भरवशाची वाटते. माळावरची गवतं सावलीत तग धरत नाहीत. पळस जळाला तरी मुळापासून फुटतो, हिवराला काटे आहेत. आग आणि दात दोन्ही सोसण्याची ही तयारी इंग्रजांच्या कुऱ्हाडीनंतरच्या दीडदोनशे वर्षांत होत नसते. शिवाय फक्त अशा उघड्या रानातच वाढणाऱ्या, जगात दुसरीकडे कुठेही न सापडणाऱ्या वनस्पती इथं आहेत. त्या घडायला फार मोठा काळ लागतो.

तोडीनं जंगल गेलेले डोंगरउतार महाराष्ट्रात नाहीत असं नव्हे, घाटमाथ्यावर ते भरपूर आहेत, आणि तिथं झाडं लावावीतच. घोळ होतो तो दोन्हींना एकच औषध दिल्यानं. सोलापूरकडच्या नान्नजला १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झालं. तो पक्षी उघड्या जमिनीवर एकच अंडं घालतो आणि त्याला लांबवरचं दिसावं लागतं; तरी माळावर गिरिपुष्पाच्या रांगा लावण्याचा सोस काही सुटला नाही. रोपवनाला कुंपण पडलं की चराई बंद होते. पावसाळ्यात माळावर आणि दिवाळीनंतर कोकणाकडे मेंढरं नेणाऱ्या धनगरांना मग पावसाळ्यातलं हे गवतही दुसरीकडे शोधावं लागतं.