दापोडी मुक्कामी निवर्तलेले गव्हर्नर

१. येथे निर्देश आहे तो मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांचा. कॅप्टन फोर्ड यांचा दापोडीचा नदीकाठचा बंगला सर जॉन माल्कम यांच्या अमदानीत सरकारने खरेदी केला, आणि तेथेच, पावसाळी मुक्कामात, ९ जुलै १८३८ रोजी ग्रँट यांचे देहावसान होऊन पुणे छावणीतील सेंट मेरी चर्चमध्ये त्यांचे दफन झाले. इंग्लंडातील खेड्यांच्या चर्चांत एकाच जमीनदार घराण्याच्या पिढ्या वेदीलगत विसावलेल्या असतात : शुभ्र पाषाणात कोरलेले पती-पत्नी हात जोडून शेजारी-शेजारी पहुडलेले, पायाशी इमानी कुत्रा, कडेने कुलचिन्हांची रांग. सेंट मेरीच्या भिंतींवरील स्मृतिफलकांत मात्र घराण्याची अशी परंपरा नाही. परस्परांशी रक्ताचे नाते नसलेले, परमुलखात ज्वराने वा रणात मृत्यू पावलेले अंमलदार तेथे केवळ चाकरीच्या नात्याने एकत्र आले आहेत, आणि म्हणूनच ते फलक मला अधिक करुण वाटतात. ग्रँट यांचे खरे स्मारक, मुंबईचे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय, लोकवर्गणीच्या साहाय्याने १८४५ साली उभे राहिले. वैद्यकशिक्षणाच्या त्या योजनेचा पुरस्कार त्यांनी हयातीतच केला होता.