तळटीप : महासागरापार विमान पोहोचवणे

१. ज्या लहान, एकइंजिनी विमानाच्या टाक्यांत थोड्या पल्ल्यापुरतेच इंधन मावते, ते महासागर ओलांडून खरेदीदाराच्या हवाली करायचे, तर आत इंधनाच्या जादा टाक्या बसवण्याची तजवीज करावी लागते, आणि त्या भारानिशी निघालेल्या एकट्या वैमानिकाचा सारा भरवसा एका इंजिनावर व दिशादर्शक यंत्रावर असतो. ते यंत्र बिघडल्यास काय ओढवते, हे डिसेंबर १९७८ मध्ये पागो पागोहून नॉरफोक बेटाकडे निघालेल्या, औषधफवारणीसाठी बनवलेल्या सेसना १८८ विमानाच्या हकिकतीवरून ध्यानी येते. पॅसिफिकवर वाट चुकलेल्या त्या वैमानिकाच्या साह्यास एअर न्यूझीलंडचे डीसी-१० प्रवासी विमान धावले. त्याचे कप्तान गॉर्डन व्हेट यांनी, दोन्ही विमानांतून दिसणारी सूर्याची दिशा, हात लांबवून बोटांनी मोजलेली त्याची क्षितिजावरील उंची आणि सूर्यास्ताच्या वेळांतील अंतर ताडून हरवलेल्याचे स्थान अजमावले, आणि सुमारे २३ तासांच्या उड्डाणाअंती तो नॉरफोकवर सुखरूप उतरला. मूळ लेखकाने एकाकी म्हणून वर्णिलेला, विमाने पोहोचवण्याचा हा व्यवसाय अपरिचितांच्या अशा तत्पर साह्याचाही ऋणी आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. — संपा.